‘भारी’ गाडीच्या शोधात हेथेल

‘काय भारी गाडी आहे यार!’ ऑफिसच्या पार्किंगमध्ये एखादी नवी चकचकीत एसयूव्ही येऊन उभी राहिली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य हेच बाहेर पडतं. आता गंमत बघा. भारी म्हणजे मस्त आणि भारी म्हणजे वजनदार. आणि हलकी? हलकी म्हणजे वजनाने कमी आणि हलकी म्हणजे कमअस्सल. हलक्या प्रतीचा तांदूळ, हलकं कापड, हलक्या कानाचा माणूस... आपल्या भाषेनेच निकाल लावून टाकलाय. गाडी बघायला गेलेला मराठी माणूस शोरूममध्ये सगळ्यात आधी काय करतो? दार उघडतो, जोरात लावतो आणि कान देऊन आवाज ऐकतो. ‘ठप्प’ असा भरीव आवाज आला की मान डोलावतो. जरा खळखळला की बायकोच्या कानात म्हणतो, ‘पत्रा पातळ दिसतोय.’

अशा संस्कारांत वाढलेल्या माझ्या हाउसमेटने यंदा मनात घेतलं, की आपण स्पोर्ट्स कार घ्यायची. आणि तीही कुठली? जिचं वजन आपल्या जुन्या अल्टोपेक्षा जेमतेम शंभरेक किलो जास्त आहे, ती!

थोडी पार्श्वभूमी. आम्ही दोघं सध्या इंग्लंडमधल्या नॉरिच या गावी ‘ऑनसाइट’ आहोत. नॉरिच म्हणजे सुंदर कॅथीड्रल, नदी, दगडी गल्ल्या आणि विमा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे विम्याचा धंदा चालतो, त्यामुळे आमच्यासारख्या पुण्याहून आलेल्या प्रोजेक्टवाल्यांचीही इथे ये-जा असते. साताऱ्याचा हा आमचा गडी दोन वर्षं डबा घेऊन ऑफिसला जातोय, बाहेरचं खाणं बंद, ट्रिपा बंद. का, तर गाडीसाठी पैसे साठवायचे. घर नाही, फ्लॅट नाही, गाडी! आणि ज्या गाडीने त्याला शाळेपासून झपाटलंय, ती लोटस, तिचा कारखाना आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. यापुढे त्याला कोण थांबवणार?

हेथेलला जाणारा रस्ता म्हणजे नॉरफक परगण्याचं टिपिकल दर्शन. सपाट म्हणजे किती सपाट असावं? डोंगर सोडा, टेकाडसुद्धा नाही. साताऱ्याच्या माणसाला तर अशा मुलखात दिशाच कळत नाहीत, अजिंक्यतारा कुठे दिसेना की तो बावचळतो. दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच कुंपणात बुडालेले अरुंद रस्ते, मधेच बिटाची शेतं, मधेच एखादं एकांडं चर्च. जवळचं मोठं गाव विंडम. स्पेलिंगमध्ये अर्धी एबीसीडी आहे, पण उच्चार एवढाच. हेथेल त्याहून चिमुकलं. पाटी दिसली म्हणेपर्यंत गाव संपतं.

चिमुकल्या या गावात भल्यामोठ्या मैदानावर तारेच्या कुंपणाआड कारखाना आहे. रस्त्याचं नाव पोटॅश लेन. रविवार असल्यामुळे गेट बंद, आत चिटपाखरू नाही. आम्ही कुंपणाला नाक लावून उभे राहिलो. पंढरपुरात कळसाचं दर्शन घेऊन समाधान मानतात, तसं.

पण हे मैदान इथे आलं कुठून? ही गोष्ट मला कारखान्याइतकीच इंटरेस्टिंग वाटली. दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. १९४३ पासून अमेरिकेचा ३८९ वा बॉम्ब ग्रुप इथे होता, बी-२४ लिबरेटर विमानं घेऊन. बॉम्ब आणि इंधन भरलेलं एकेक विमान पंचवीस टनांच्या पुढे जायचं. ते उचलायला लांबलचक, जाडजूड काँक्रीटच्या धावपट्ट्या लागत. नॉरफकची जमीन सपाट आणि जर्मनी समोरच्या बाजूला, त्यामुळे या भागात असे तळ ठिकठिकाणी होते. युद्ध संपलं, विमानं गेली, काँक्रीट राहिलं. आणि १९६६ मध्ये तिथे आला कॉलिन चॅपमन, ज्याचा आयुष्यभराचा धंदाच मुळी वजन उतरवण्याचा! आकाशात चढणाऱ्या सगळ्यात जड यंत्रांसाठी ओतलेल्या काँक्रीटवर जगातल्या सगळ्यात हलक्या स्पोर्ट्स कारची टेस्टिंग सुरू झाली. जुन्या धावपट्ट्यांच्या जागेवरच कारखान्याचा साडेतीन किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक आहे.

चॅपमन हे एक वेगळंच प्रकरण. शिक्षणाने स्ट्रक्चरल इंजिनीअर, काही काळ ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी. वडिलांचं लंडनच्या हॉर्नसी भागात हॉटेल होतं, त्याच्या मागच्या तबेल्यात याने गाड्या बनवायला सुरुवात केली. त्याचा फंडा साधा होता. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल. वजन कमी केलं तर ती सगळीकडे पळेल : सरळ रस्त्यावर, वळणावर, ब्रेक मारताना, पुन्हा वेग घेताना. म्हणून त्याच्या गाडीतला प्रत्येक भाग दोन कामं करायचा, आणि एकच काम करणारा भाग दिसला की त्याला घालवता येईल का, याचा विचार सुरू व्हायचा. १९६२ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये लोटस २५ आणली. तोवर रेसिंग कार म्हणजे पाइपांचा सांगाडा आणि वर कवच. याने कवचालाच सांगाडा केलं. एकदम हलकी, एकदम ताठ. जिम क्लार्क त्यात जवळजवळ आडवा पडून गाडी चालवायचा आणि बाकीचे त्याच्या मागे धापा टाकायचे. पुढच्या वर्षी चॅम्पियनशिप खिशात. लोटसच्या टीमने अशी सात कन्स्ट्रक्टर टायटल्स जिंकली.

त्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. चॅपमनच्या गाड्या नको तेवढ्या नाजूक असतात, अशी कुरकुर त्या काळात ड्रायव्हर मंडळींमध्ये होती. १९७० मध्ये मोंझाला सरावाच्या वेळी योखेन रिंट लोटसमध्येच गेला. त्या मोसमातले त्याचे पॉइंट्स कुणालाच ओलांडता आले नाहीत आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप मरणोत्तर दिली गेली. ‘पत्रा पातळ आहे’ म्हणणाऱ्या आपल्या काका-मामांना हसताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

काका-मामांवरून आठवलं. आदल्याच रात्री गड्याने साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला होता. मी शेजारी पोहे खात बसलो होतो, त्यामुळे हा संवाद ऐकीव नाही.

‘बाबा, उद्या गाडी बघायला चाललोय.’

‘बरं. पत्रा कसाय?’

‘बाबा, पत्राच नाहीये.’

‘म्हणजे?’

‘बॉडी फायबरची आहे.’

तिकडे मोठ्ठा पॉज. मग, ‘फायबर म्हणजे आपली गच्चीवरची पाण्याची टाकी?’

‘तसं नाही हो. खाली ॲल्युमिनियमची चासी आहे. एकदम मजबूत.’

‘वजन किती?’

‘साडेआठशे किलो.’

‘आणि किंमत?’

त्याने किंमत सांगितली. मग काकांनी फोन काकूंकडे दिला.

ही गाडी म्हणजे लोटस एलिस. १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली, पुढच्या वर्षी रस्त्यावर आली. तेव्हा कंपनीचा मालक होता इटलीचा रोमानो आर्तिओली, त्याच्या नातीचं नाव एलिझा, तिच्यावरून गाडीचं नाव. पैसा कमी होता, म्हणून डोकं जास्त चालवावं लागलं. इंजिनीअर रिचर्ड रॅकहॅमने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वेल्डिंग न करता चक्क चिकटवल्या. हो, गोंदाने! अर्थात तो आपला डिंक नव्हे, विमानात वापरतात तसला इपॉक्सी. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम कमजोर होतं, म्हणून जोडाच्या जागी ते जाड ठेवावं लागतं. चिकटवलं तर पातळ चालतं. सगळी चासी भरली ६८ किलो. दोन हमाल सहज उचलतील. अख्खी गाडी साधारण ७२५ किलो. इंजिन १.८ लिटरचं, ताकद ११८ हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या मध्यम हॅचबॅकएवढी. पण शून्य ते साठ मैल सहा सेकंदांच्या आत! वजनच नाही तर इंजिनाने ओढायचं काय?

पुढे टोयोटाचं जास्त ताकदीचं इंजिन आलं, थोड्या सोयी वाढल्या, वजन ८६० किलोवर गेलं. आमच्या गड्याने हेरलेली एलिस ती. हेथेलपासून दोन-तीन मैलांवर एका निवृत्त गृहस्थांच्या गॅरेजमध्ये.

मालकाने दार उघडलं आणि पहिला धक्का. आत बसायचं कसं? दाराखालचा उंबरा हातभर रुंद. आधी ढुंगण, मग एक पाय, मग दुसरा, मग डोकं, असा काहीतरी क्रम आहे. तो चुकला की माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर अडकतो. सासूबाईंना या गाडीतून लग्नाला न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. आत उघडं ॲल्युमिनियम. गालिचा म्हणावा तर नावाला. पॉवर स्टीअरिंग नाही. डिकीत एक बॅग जाईल, ती नरम असली तर. दार लावलं तर आवाज? तो ‘ठप्प’ही नव्हता आणि ‘खळखळ’ही. टपरवेअरचं झाकण बसतं तसा काहीसा. आमचे गडी खिन्न झाले.

आधी मालकाने त्याला फिरवून आणलं. वीस मिनिटांनी हा परत आला तो बोलेचना. नुसता हसत होता, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. मग माझा नंबर लागला.

आता हे शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. तुम्ही कधी आरएक्स हंड्रेड चालवलीय का? यामाहाची? शंभर सीसीच्या आतली, वजन साधारण शंभर किलो. १९९६ मध्ये ती बंद झाली, पण कोल्हापूर-साताऱ्याकडे अजून तिचं नाव काढलं की माणसं हळवी होतात. बुलेट तिच्या जवळपास दुप्पट वजनाची. बुलेटवर बसलं की माणूस राजा होतो, मान्य. पण आरएक्सवर बसलं की माणूस आणि गाडी असे दोन वेगळे जीव राहत नाहीत. मनात वळायचं आलं की ती वळलेली असते. एलिस तशी आहे, फक्त चार चाकांवर. मी शेजारच्या सीटवर होतो, स्टीअरिंग माझ्या हातात नव्हतं, तरी कळत होतं. वळण आलं की आपण सवयीने दाराचा हँडल धरतो, गाडी कलणार म्हणून. ती कललीच नाही. खड्ड्यावरून गेली तर ‘धाड’ नाही, ‘टप’. बाहेर रस्त्यावर काय पडलंय ते सगळं पाठीला समजत होतं. वेगमर्यादेच्या आतच होतो आम्ही, तरी वाटत होतं काहीतरी चाललंय!

आणि ही जादू नाही, साधं फिजिक्स आहे. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीला वळणावर धरून ठेवायला रुंद टायर लागतात. रुंद टायरला मोठी चाकं. मोठ्या चाकांना मोठे ब्रेक. ते सगळं पेलायला जाड सस्पेन्शन. ते ओढायला मोठं इंजिन. मोठ्या इंजिनाला मोठी टाकी. लग्नात एक पाहुणा वाढवला की त्याचे चार नातेवाईक वाढतात, अगदी तसं. हेच चक्र उलटं फिरवलं की एलिस होते. तिचे पुढचे टायर फक्त १७५ मिलिमीटर रुंदीचे, आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकला असतात तेवढे.

मग प्रश्न असा, की एवढं सगळं असताना लोक ही गाडी घेत का नाहीत?

आकडे बघा. एलिस २५ वर्षं बनत होती, २०२१ मध्ये बंद झाली. या काळात गाड्या निघाल्या साधारण ३५ हजार. पोर्शेने एकट्या २०२३ सालात ९११ विकल्या ५० हजारांच्या आसपास. एका वर्षात! आणि ही ९११ म्हणजे १९६० च्या दशकात साधारण १,०८० किलोची गाडी होती, आज ती दीड टनाची आहे. वजन जवळजवळ चारशे-साडेचारशे किलोंनी वाढलं आणि खप वाढतच गेला. बीएमडब्ल्यूची २०२४ ची एमफाइव्ह तर २,४०० किलोंच्या पुढे गेलीय. मासिकवाल्यांनी आरडाओरडा केला. ७०० हून जास्त हॉर्सपॉवर दाबून भरल्यावर सरळ रस्त्यावर वजन कुणाला कळतंय?

खरं सांगायचं तर ग्राहकाने वजन मागितलेलं नसतं. त्याने एसी मागितला. एअरबॅग मागितल्या, आणि त्या हव्यातच. इलेक्ट्रिक सीट, मोठा स्क्रीन, पंधरा स्पीकर आणि बाहेरचा आवाज आत न येणारी जाड काच मागितली. ‘ठप्प’ वाजणारं दार मागितलं. यातली एकेक गोष्ट पाच-दहा किलोंची. शोरूममध्ये ती डोळ्यांना दिसते, हाताला लागते, मित्रांना दाखवता येते. हलकेपणा कुणाला दाखवणार? तो ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात एक आकडा असतो. आणि टेस्ट ड्राइव्ह तर शोरूमपासून सिग्नलपर्यंतचीच, त्यात वळण एक. तेही डीलरच्या गेटमधून बाहेर पडतानाचं.

सेफ्टीचं म्हणाल तर काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. हलकी आणि जड अशा दोन गाड्यांची टक्कर झाली तर हलकीतल्या माणसाला जास्त हिसका बसतो, यात वादच नाही. पण बाहेरचा पत्रा जाड आहे म्हणून गाडी सुरक्षित, हे मात्र खरं नाही. धक्का झेलतो तो आतला सांगाडा. बोटाने दाबून पत्रा तपासणं म्हणजे वेष्टन दाबून पुस्तक चांगलं की वाईट ठरवणं.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. गॅरेजमधल्या काकांनी एलिसचे मागितले २५ हजार पौंड. त्याच वयाची, बऱ्या अवस्थेतली पोर्शे बॉक्स्टर आमच्या गड्याने आदल्या आठवड्यात पाहिली होती. ती होती एलिसच्या जवळपास निम्म्या किमतीला. आता या दोन्ही गाड्या नव्या होत्या तेव्हा, म्हणजे २००५ च्या सुमाराला, बॉक्स्टर जास्त महाग होती! बॉक्स्टर वाईट नाही, उलट फार गुणी गाडी आहे. छान आवाज, दोन डिक्या, ऊबदार सीट. वजन १,३०० किलोंच्या आसपास. मग वीस वर्षांत असं काय झालं?

माझं उत्तर असं. नवी गाडी घेणारा सोयींचे पैसे मोजतो आणि सोयी शिळ्या होतात. २००५ चा म्युझिक सिस्टीम आज कोण विचारतो? वजन मात्र शिळं होत नाही. साडेआठशे किलो तेव्हाही साडेआठशे होते, आजही आहेत, आणि आजूबाजूच्या गाड्या फुगत गेल्या तसे ते दरवर्षी आणखी कमी वाटायला लागले. जुनी गाडी घेणाऱ्याला ऑफिसला जायला दुसरी गाडी असते. तो रविवारच्या वळणांसाठीच पैसे मोजतो. आपल्या आरएक्सचं तेच झालं ना? चालू होती तेव्हा ‘जाम पेट्रोल पिते’ म्हणून नाकं मुरडली, आज चांगल्या कंडिशनमधली दिसली की मालक आकडा सांगताना डोळे मिटून घेतो.

म्हणजे स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला वजनाची पर्वा आहे, पण दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला. पहिल्या हाताच्या ग्राहकांपैकी पर्वा करणारे आहेत ते दोन टोकांना. एक टोक फार श्रीमंत. पोर्शेच्या हलक्या आरएस मॉडेल्समध्ये दाराला आतून हँडलऐवजी कापडी पट्टी असते, आणि गाडी साध्या ९११ पेक्षा कितीतरी महाग. फॉर्म्युला वनचा गाजलेला डिझायनर गॉर्डन मरे याने ९८६ किलोची टी-फिफ्टी काढली, फक्त १०० गाड्या, किंमत करांशिवाय २३ लाख पौंडांच्या वर. डाएटच्या डब्याला जास्त पैसे लागतात, तसला प्रकार. दुसऱ्या टोकाला माझ्दाची एमएक्स-फाइव्ह. १९८९ पासून चालू, २०१६ मध्ये दहा लाखाची गाडी निघाली. २०१५ मध्ये तिची नवी पिढी काढताना कंपनीने ग्रॅम-ग्रॅम खरवडून ती आधीच्या गाडीपेक्षा साधारण शंभर किलोंनी हलकी केली आणि वजन पुन्हा एका टनाच्या आसपास आणलं. तिने हे व्रत पाळलं, पण उपाशी राहून नाही. छप्पर एका हाताने उघडतं, एसी आहे, आणि किंमत माणसांच्या आवाक्यातली.

मधल्या मधे सापडली ती हेथेल. एलिस श्रीमंतांसाठी पुरेशी मिरवण्यासारखी नव्हती आणि बाकीच्यांसाठी पुरेशी सोयीची नव्हती. आज कुंपणाआडच्या कारखान्यात एमिरा बनते. दिसायला कमाल, पण १,४०० किलोंच्या पुढे. २०१७ पासून कंपनीची सूत्रं चीनच्या गीलीकडे आहेत. तिकडे वूहानमध्ये लोटसची इलेक्ट्रिक एसयूव्ही बनते, एलेट्रे. वजन अडीच टन! म्हणजे एका एलेट्रेच्या वजनात पहिल्या तीन एलिस बसतील आणि वर थोडं सामानही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लोटस भारतात आली ती हीच गाडी घेऊन, किंमत २ कोटी ५५ लाखांपासून पुढे. बॅटरी म्हटली की वजन आलंच, हा नाइलाज आहे, आणि त्याची सुरुवातही गंमत म्हणजे इथेच झाली. टेस्लाची पहिली गाडी, २००८ ची रोडस्टर, एलिसच्या पायावर उभी होती आणि तिची जुळणी हेथेललाच व्हायची. तिच्या एकट्या बॅटरीचंच वजन साडेचारशे किलोंच्या घरात होतं.

चॅपमनच्या भक्तांना एलेट्रे म्हणजे पाप वाटतं. मला तसं वाटत नाही. पोर्शेनेही २००२ मध्ये कायेन ही जड एसयूव्ही काढली तेव्हा अशीच बोंबाबोंब झाली होती, आणि तिच्या कमाईने ९११ ला बळ दिलं. पण पोर्शेचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमतंच असं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोटसने ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. विंडमच्या एका कॅफेत आम्ही बसलो होतो, तिथल्या बाईंना विचारलं, कारखान्याचं काय चाललंय? त्या म्हणाल्या, माझा भाऊ तिथे आहे. आणि ‘आहे’ म्हटल्यावर जरा थांबून टेबल पुसायला लागल्या. आयटीत असल्यामुळे हा पॉज आम्हाला लगेच ओळखू आला. बेंचवरच्या माणसाबद्दल विचारलं की आमच्याकडेही असाच येतो.

परत निघायच्या आधी एक गोष्ट आवर्जून बघितली. हेथेलच्या चर्चजवळच्या शेतात एक काटेरी झाड आहे, हॉथॉर्नचं. गावकरी त्याला ‘ओल्ड थॉर्न’ म्हणतात. वय सातशे वर्षांच्या पुढे असावं असं मानतात. खोड पार पिळवटलेलं, मधून पोकळ, तरी पालवी ताजी. त्या एका झाडासाठी तिथे राखीव निसर्गक्षेत्र आहे, ब्रिटनमधल्या सगळ्यात छोट्या निसर्गक्षेत्रांपैकी एक. बॉम्बर विमानं डोक्यावरून गेली, रेसिंग कार बाजूने गेल्या. आमच्या गड्याने झाडाला प्रदक्षिणा घातली. नवस बोलला की काय, कुणास ठाऊक.

नवस बोलला असेल तर तो विम्यासाठी असणार. कारण त्या रात्री त्याने एलिसच्या इन्शुरन्सचा कोट काढला. भारतीय लायसन्स, या देशात गाडी चालवायचा अनुभव शून्य, आणि गाडी दोन सीटची लोटस. दिवसभर विम्याच्याच सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या माणसाला स्वतःचा प्रीमियम बघून घाम फुटलेला मी पहिल्यांदा पाहिला. दोन दिवस एक्सेल शीट उघडी होती. तिसऱ्या दिवशी त्याने २०१६ ची एमएक्स-फाइव्ह घेतली, लाल. तिच्या विम्यानेही पोळलं, पण फुंकर घालण्याइतपत. एलिसचे उरलेले पैसे त्याने एका वेगळ्या खात्यात टाकलेत. त्या खात्याला नाव काय दिलंय ते मी विचारत नाही. काकांनी व्हिडिओ कॉलवर गाडी चारही बाजूंनी दाखवायला लावली आणि म्हणाले, ‘हिला निदान पत्रा आहे.’

कुणाला यायचं असेल तर सांगतो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून नॉरिचची गाडी पकडा, साधारण दोन तास. तिथून विंडमला लोकल ट्रेन आहे. पुढे हेथेलला टॅक्सी किंवा भाड्याची गाडी, कारण गावाला स्टेशन नाही. विंडमचं दोन मनोऱ्यांचं ॲबी चुकवू नका. जुन्या तळावरच्या चॅपलमध्ये ३८९ व्या बॉम्ब ग्रुपचं छोटं प्रदर्शन आहे, पण ते उन्हाळ्यात ठरावीक रविवारीच उघडतं, तारीख बघून जा. कारखान्याचा टेस्ट ट्रॅक चालू असलेला ऐकायचा असेल तर मात्र रविवार नको, कामाचा दिवस गाठा आणि पोटॅश लेनवर गाडी कडेला लावून काच खाली करा. भाड्याची गाडी घेताना काउंटरवर ‘अपग्रेड’ म्हणून एसयूव्ही पुढे करतात. ती नको म्हणा. सगळ्यात छोटी मागा, आणि नॉरिचला परत येताना मोठा हायवे सोडून मुलबार्टनच्या रस्त्याने या.